ओमाहातली सावकारी आणि एक पिवळी पावती

ग्रीनकार्डाच्या कागदांसाठी परवा जुनी फाईल उपसली, तर बँकेच्या स्टेटमेंटांत ती पिवळी पावती सापडली. ऑगस्ट २०१९. हातात मिळाले ४२५ डॉलर, पुढच्या तारखेचा चेक लिहून दिला ५०० चा, मुदत चौदा दिवस. नवरा म्हणाला, फाडून टाक. नाही फाडली.

तेव्हा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. क्रेडिट हिस्टरी शून्य, म्हणून कार्ड नाही. घराचं डिपॉझिट भरून खातं कोरडं, आणि सेकंडहँड घेतलेली गाडी नेमकी तेव्हाच बसली. इथे गाडी नाही तर नोकरी नाही. पुण्यात असते तर पाटल्या पतसंस्थेत ठेवून मोकळी झाले असते, नाहीतर भिशीतल्या बायकांना म्हटलं असतं, या महिन्याचा नंबर मला द्या. इथल्या आपल्या मंडळींना सांगायचं, तर शनिवारच्या पॉटलकपर्यंत गावभर.

म्हणून किराणा दुकानाशेजारच्या निऑनच्या पाटीखाली, पगारावर उचल देणाऱ्या दुकानात गेलो. पगाराची स्लिप, चेकबुक, ओळखपत्र, दहा मिनिटांत काम. काउंटरवरची बाई इतकं गोड बोलली की आपल्या बँकेतल्या 'लंचनंतर या'ची आठवण येऊन मला कौतुकच वाटलं. फी ७५ डॉलर, पेट्रोलपाण्याएवढी. वार्षिक व्याजाचा हिशोब नंतर घरी मांडला: ४६० टक्क्यांच्या आसपास! आणि हे सगळं नेब्रास्काच्या तेव्हाच्या कायद्यात बसणारं, १०० डॉलरच्या चेकमागे १५ डॉलर. कर्जाची मुदत वाढवायला मात्र कायद्याची मनाई. म्हणून काय करायचं, तर जुनं फेडायचं आणि त्याच खिडकीवर लगेच नवं घ्यायचं. आम्ही चार वेळा घेतलं. ४२५ डॉलरपायी ३०० डॉलर फी.

ऑक्टोबरात लायब्ररीच्या दारात एक आजीबाई क्लिपबोर्ड घेऊन उभ्या होत्या. पगारावर उचल देणाऱ्या या दुकानांच्या वार्षिक व्याजाला ३६ टक्क्यांची मर्यादा घाला, यासाठी सह्या. मी मतदार नाही म्हटल्यावरही त्यांनी पत्रक हातात दिलं. मी त्याच खिडकीवरून आलेली आहे, हे काही मी बोलले नाही.

त्या पत्रकामागची माणसं बघून मी चाट पडले. वृद्धांसाठी काम करणारी एएआरपी, नागरी हक्कांसाठी कोर्टात भांडणारी एसीएलयू, गरिबांच्या बाजूने कायद्याची लढाई लढणारी नेब्रास्का ॲपलसीड, ओमाहाचा विमेन्स फंड, मुलांसाठीची व्हॉइसेस फॉर चिल्ड्रन, शिवाय चर्चची माणसं. एरवी यातले काही जण एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. इथे सगळ्यांचा आकडा एकच, ३६. तो हवेतून आलेला नव्हता. सैनिकांना द्यायच्या अशा कर्जांवर २००६ च्या केंद्रीय कायद्याने हीच मर्यादा घातली होती. म्हणजे शेजारच्या ऑफट हवाई तळावरच्या शिपायाला संरक्षण, आणि त्याला डोनट विकणारीला नाही.

विधिमंडळात विधेयकं वर्षानुवर्षं अडकत होती, म्हणून हे लोक थेट मतदारांकडे गेले. प्रश्न मतपत्रिकेवर यायला नोंदणीकृत मतदारांपैकी ७ टक्क्यांच्या सह्या लागतात, शिवाय ९३ पैकी ३८ काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) किमान ५ टक्के. म्हणजे ओमाहा-लिंकनमध्ये गठ्ठे जमवून भागत नाही, मक्याच्या शेतांमधल्या गावांतही उभं राहावं लागतं, तेही कोविडच्या वर्षात. मतपत्रिकेवरच्या 'पेडे लेंडर' (पगारावर उचल देणारे) या शब्दांनी मतदारांचं मत आपल्याविरुद्ध कलुषित होतं, असं म्हणत या धंद्यातलं कुणीतरी कोर्टात गेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. त्याच वर्षी जुलैत तिकडे केंद्राच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने, कर्ज देण्यापूर्वी फेडीची ऐपत तपासण्याचा स्वतःचाच नियम मागे घेतला होता. ३ नोव्हेंबर २०२० ला, ट्रम्प यांनी जिंकलेल्या या राज्यात, ३६ टक्क्यांच्या बाजूने ८३ टक्के मतं पडली. (मोहिमेचा बराच पैसा राज्याबाहेरच्या संस्थांचा होता. येऊ दे की.) त्या दराने आमच्या चौदा दिवसांचे सहा डॉलरही झाले नसते.

आता लगेच 'बघा, अमेरिकेत कसं असतं' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. माझं आजोळ बारामती तालुक्यातलं, सुप्यापासून हाकेच्या अंतरावर. १८७५ च्या मेमध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, आणि चार वर्षांनी इंग्रजांना दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. ग्राहक पंचायतीवाले आपल्याकडे १९७० च्या दशकापासून झटताहेत. सावकारी पाश हा शब्द आपण यांना उसना देऊ शकतो. हो, कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी माझ्या मामेभावाचे फोटो त्याच्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना पाठवले होते, तेही आपल्याकडेच. रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम २०२२ मध्ये आले, त्याच्या आधीची गोष्ट. आणि आम्ही काही फसलो नव्हतो, फी दारावरच लिहिलेली होती. इंजिनिअर नवरा, बी.कॉम. झालेली मी, दोघांनी वाचून सही केली. गाडी सुरू झाली, नोकरी टिकली. तीनशे डॉलर गेले, पण नोकरी गेली असती तर?

हे वाक्य गेली काही वर्षं मी स्वतःला बरेचदा ऐकवलंय.

ते दुकान आता राहिलेलं नाही, तिथे नखं रंगवून देतात. मी एकदा आत गेले होते, खिडकी कुठे होती ते बघायला. तिथे आरसा आहे.

आई, तू हे वाचतेस, म्हणून सांगते. त्या वर्षी गणपतीला पैसे कमी आले तेव्हा मी डॉलरचा भाव पडलाय म्हणाले होते. भाव पडला नव्हता.