ब्लॉक फक्त ३५ टक्के

जुनी सीडी सोबत आणणारे नातेवाईक विरळाच. करवीर तालुक्यातल्या या पेशंटच्या मुलाने आणली, आणि मी हातातला चहा बाजूला ठेवला. गेल्या वर्षी दुसरीकडे केलेली अँजिओग्राफी: एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी) ३५ टक्के ब्लॉक, ‘मायनर’, गोळ्या चालू ठेवा. घरच्यांनी अर्थ लावला, ६५ टक्के नळी मोकळी. गोळ्या बंद, तंबाखू चालू. आता भल्या पहाटे ॲटॅक, आणि तीच एलएडी शंभर टक्के बंद.

मी कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) टेक्निशियन. सरांनी मनगटातून वायर घातली, गुठळी ओढून काढली, रक्त वाहतं झालं. मग ओसीटी, म्हणजे नळीत बारीक कॅथेटर घालून प्रकाशाने आतून घेतलेलं भिंतीचं चित्र. हे माझं लाडकं काम. अँजिओग्राफीत रक्ताची वाट दिसते, भिंत दिसत नाही. ओसीटीत १०-१५ मायक्रॉनपर्यंतचं दिसतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पुलबॅक, म्हणजे चित्र घेत कॅथेटर मागे ओढणं, काही सेकंदांचा. तेवढ्यात रक्त बाजूला सारणारा डाय कमी पडला तर रक्ताने सगळं चित्र गढूळ होतं. यावेळी पहिल्याच फेरीत लख्ख आलं. भिंतीत चरबीचा साठा, वरचं आवरण फाटलेलं, काठ ६५ मायक्रॉनहून पातळ, खाली रिकामी पोकळी. पिकलेलं गळू फुटावं तसं. जुन्या सीडीशी ताडून पाहिलं, जागा तीच.

मुलगा बाहेर तावातावाने उभा. “मग तवाच स्प्रिंग का टाकली न्हाई वो सिस्टर?” (कॅथलॅबमधली प्रत्येक बाई लोकांना सिस्टरच.) ३५ टक्क्यांना स्टेंट टाकत नाहीत, ते बरोबरच होतं. चरबी साठताना नळी आधी बाहेरच्या अंगाला फुगते, त्यामुळे आतली वाट बरेच दिवस शाबूत राहते आणि स्ट्रेस टेस्टही नॉर्मल येऊ शकते. ९० टक्क्यांचा ब्लॉक एकेकटा पाहिला तर जास्त धोक्याचा, खरंच. पण किरकोळ दिसणाऱ्या जागा कितीतरी जास्त असतात. २०११ च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात पुढे त्रास दिलेल्या, उपचार न केलेल्या जागा सुरुवातीला सरासरी ३२ टक्केच अरुंद होत्या. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, हेच चरबीवरचं आवरण जाड होतं. पण स्टेंटचं पॅकेज सरकारी आरोग्य योजनेत बसतं. रिपोर्ट समजावायची दहा मिनिटं कुठल्याच बिलात बसत नाहीत.

सरांनी हे सगळं त्याला स्क्रीनवर दाखवलं. तो मान डोलावत राहिला. उजव्या नळीत ३० टक्के आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला, आणि बाहेर पडता पडता फोनवर, “दुसऱ्या नळीत काय न्हाई, तीसच हाय.”

फोन संपेपर्यंत थांबले. मग त्याच्याकडून स्टॅटिनचं पाकीट घेतलं आणि मार्करने त्यावर ठळक लिहिलं: डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.