एंटर कमी मारा, काका

मी टाइपिंग शिकलो ते 1983 साली, गोदरेजच्या मराठी मशीनवर. ओळ संपत आली की घंटी वाजायची. हातातला शब्द पुरा करायचा, लिव्हर ढकलायची, कॅरेज मागे. नवा परिच्छेद म्हणजे पाच वेळा स्पेस. मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा याच शिस्तीवर पास झालो आणि पुढे कचेरीत सगळी नोकरी हेच केलं. निवृत्तीनंतर वाचनालयाचा वार्षिक अहवाल गळ्यात पडला तेव्हा म्हटलं, त्यात काय, कंप्यूटर म्हणजे वीज लावलेलं मशीनच की.

अकरा पानं वर्डमध्ये टाइप करायला आठ दिवस लागले. ओळ उजव्या कडेला टेकली की एंटर. परिच्छेद संपला की दोन एंटर. शीर्षक मधोमध आणायचं तर स्पेसबार दाबत दाबत अंदाजाने मध्य गाठायचा. घरच्या पडद्यावर सगळं कसं रेखीव दिसत होतं. पेन ड्राइव्ह खिशात टाकून छापखान्यात गेलो.

तिथे डीटीपीचं काम करणाऱ्या मुलीने फाइल उघडली आणि माझा चेहरा उतरला. तिच्या मशीनवर माझा फाँट नव्हता. त्याच्या जागी दुसरा आला आणि अक्षरं जराशी रुंद झाली, एवढंच. पण तेवढ्यानेच प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द घसरून खालच्या ओळीत एकटा जाऊन बसला. एक ओळ लांब, एक तोकडी, एक लांब, एक तोकडी. ‘अध्यक्षांचे मनोगत’ तर मध्य सोडून पार उजवीकडे पोचलं होतं.

“काका, एंटर किती मारलेत हो?”

“अगं, ओळ संपली की मारायलाच लागतो ना?”

ती काही बोलली नाही. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून तिने 8 दाबला. पानभर चिन्हं उगवली. प्रत्येक एंटरच्या जागी इंग्रजी पी उलटा करून त्याला दोन पाय लावावेत तसं काहीतरी, आणि प्रत्येक स्पेसच्या जागी बारीक ठिपका. शीर्षकाच्या अलीकडे तर ठिपक्यांची रांगच, साखरेच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्यांसारखी. ती म्हणाली, ओळ मोडायचं काम वर्डचं. एंटरचा अर्थ एकच, परिच्छेद संपला. त्या परिच्छेदाची सगळी मोजमापं त्या दोन पायांच्या चिन्हात साठवलेली असतात. म्हणून ते चुकून खोडलं की परिच्छेद खालच्याला चिकटतो आणि त्याचा अवतार बदलतो.

मी तर सगळं पुन्हा टाइप करायच्या तयारीने उठलो होतो. तिने बसवलं. ‘फाइंड अँड रिप्लेस’ची खिडकी उघडली. तिथे एंटर शोधायचा तर टोपीचं चिन्ह आणि त्यापुढे लहान पी लिहायचा. टोपी 6 च्या बटणावर, शिफ्टसह. मात्र मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर तिथे ‘त्र’ उमटतो, म्हणून तेवढ्यापुरतं इंग्रजीवर यायचं. आधी लागोपाठच्या दोन एंटरच्या जागी तीन चांदण्या (***). मग उरलेल्या प्रत्येक एंटरच्या जागी एक स्पेस. शेवटी तीन चांदण्यांच्या जागी एक एंटर. खऱ्या परिच्छेदांना आधी खूण करून ठेवायची, खोटे एंटर पुसायचे, मग खुणा परत एंटर करायच्या. मला ही युक्ती इतकी आवडली की घरी येऊन तीनदा उगाचच करून पाहिली.

एक घोटाळा मात्र झालाच. देणगीदारांच्या यादीत प्रत्येक नावानंतर एकच एंटर होता. तोही पुसला गेला आणि सत्तेचाळीस देणगीदार एकाच परिच्छेदात दाटीवाटीने उभे राहिले. कंट्रोल झेडने सगळं मागे घेतलं. मग यादी सोडून फक्त मजकूर निवडून बदल केला. निवडलेल्या भागाचं झालं की वर्ड विचारतो, बाकीच्या फाइलमध्येही शोधू का? तिथे ‘नो’ म्हणायचं.

पुढचं काम घरी. पाच स्पेस काढून टाकल्या आणि पॅराग्राफच्या खिडकीत ‘स्पेशल’खाली ‘फर्स्ट लाइन’ निवडलं. दोन परिच्छेदांमधली रिकामी ओळ आधीच गेली होती, तिच्याऐवजी त्याच खिडकीत ‘आफ्टर’ला 6 पॉइंट दिले. 72 पॉइंटांचा एक इंच, म्हणजे 6 पॉइंट साधारण दोन मिलिमीटर. ती मुलगी म्हणाली होती, पहिली ओळ आत घ्या किंवा मध्ये जागा सोडा, दोन्ही कशाला? तिचं पटतं, पण आमच्या अध्यक्षांना दोन्ही हवं होतं. शीर्षकं कंट्रोल ई दाबून मध्यात आणली. आता फाँट कुठलाही येवो, ती हलत नाहीत.

पानं वाचवायला मी लाइन स्पेसिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, ‘एक्झॅक्टली’ करून कमी आकडा घातला, तेव्हा वेलांट्या आणि रफार वरून कापले गेले. ‘कीर्ती’ची पार रया गेली. इंग्रजीला चालणारी दाटी आपल्या लिपीला चालत नाही, वर मात्रा आणि खाली उकार असतात. ‘मल्टिपल’ करून 1.15 ठेवलं.

दोन्ही कडा सरळ करायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. कंट्रोल जे दाबलं. पण आपण प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळं शब्दाला जोडून लिहितो. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ ओळीत मावला नाही की अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत दात पडल्यासारख्या फटी राहतात. शिवाय जिथे मी परिच्छेद न मोडता नुसती ओळ तोडायला शिफ्ट दाबून एंटर मारला होता, तिथे चार शब्दांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली गेली. मी डावी कड सरळ ठेवली आणि उजवी सोडून दिली.

यादी शेवटी घेतली. नाव आणि रक्कम यांच्यामध्ये मी स्पेस भरून ठेवल्या होत्या. त्या काढून एकेक टॅब दिला, टॅबच्या खिडकीत 15 सेंटीमीटरवर उजवा टॅब लावला आणि मध्ये ठिपक्यांची रेघ निवडली. सगळे आकडे उजवीकडून एकाखाली एक आले. त्यात एक डावीकडे बाहेर डोकावत होता. पावतीपुस्तक काढून पाहिलं, तर 501 रुपयांच्या जागी मी 5001 टाइप केले होते.