क्लचची वायर तुटत नव्हती, भाजत होती: बग्गी घेऊन देवगडच्या सड्यावर चार दिवस

दोन दिवसांत तीन क्लच वायरी खाल्ल्या आमच्या घरी बनवलेल्या चारचाकी बग्गीने, आणि ज्याला ज्याला विचारलं त्याने छातीठोकपणे चुकीचं सांगितलं. एक म्हणाला वायरीचं वळण चुकलंय, दुसरा म्हणाला डुप्लिकेट माल आहे, तिसरा म्हणाला तुझा पायच जड आहे. वायरीचा काही दोष नव्हता हे कळेपर्यंत साडेसहा हजार गेले, त्यातले अडीच हजार एका ट्रॅक्टरवाल्याने नेले, त्याचं पुढे येतंच.

गाडी थोडक्यात सांगतो. मारुती ८०० चं इंजिन, ७९६ सीसी, कार्ब्युरेटरवालं, चार गिअर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मित्राच्या शेडमध्ये रविवार-रविवार करत दीड वर्षात उभी केली. आठशेचं इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारं, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट असा सगळा गठ्ठाच्या गठ्ठा उचलून मागे बसवता येतो. ते काम सोपं. डोकेदुखी अशी की पेडल पुढे राहतं आणि क्लचचा आर्म जातो पार मागे, मग आठशेची वायर कुठून पुरणार. आमची २.७ मीटरची लागते, नमुना देऊन बनवून घेतलेली, साडेसहाशेला एक. एक गाडीवर, एक स्पेअर. तेवढ्यावर चार दिवस निघतील असं वाटलं होतं, हसा आता.

पासिंग नाही आणि असल्या गाडीला ते मिळतही नाही, म्हणून रस्त्यावर घालायचीच नाही, पिकअपमधून न्यायची आणि खाजगी जागेत फिरवायची. जागा म्हणजे मित्राच्या मामांची बंद पडलेली चिरेखाण, पडेल कॅन्टीन नाक्याच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत दुपारी दोनला पोचलो. पिकअपमध्ये बांधताना पट्टे चेसिसच्या पाइपला लावा, सस्पेन्शनला लावलेत तर घाटात गाडी उड्या मारते आणि पट्टे सैल होतात. प्रवासाचं एवढंच.

पोचल्यावर सेल्फ मारला तर जड फिरला. बॅटरी उतरली असेल म्हणून सोडून दिलं. इथेच अक्कल चालायला पाहिजे होती.

सड्यावर सपाटीला गाडी पळवायला मजा आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते खाणीतून वर येणाऱ्या चढणीचं. दीडशे मीटरची असेल नसेल. पूर्वी चिऱ्याचे ट्रक जायचे, आता पाच-सहा पावसाळ्यांनी तिची वाट लावली आहे. खालचा भाग सुट्या तांबड्या खडीचा, चाक फिरतं आणि गाडी जागेवर. मधे चिरे काढताना राहिलेल्या वीतभर उंचीच्या दोन पायऱ्या, आणि वर डावीकडे काटकोनात वळण, वळणाला लागून शेजाऱ्याच्या आंब्याच्या कलमांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. म्हणजे खाली वेग पाहिजे आणि वर वेग नको, आणि मधल्या पायरीवर हाफ क्लचशिवाय दुसरा इलाज नाही. कुणी म्हणालं की सहज चढते तर त्याने ती पावसाळ्याआधी कधीतरी बघितलेली असणार. आणि डाव्या अंगाला खाणीचा पाण्याने भरलेला खड्डा आहे, कठडा बिठडा काही नाही, त्या बाजूला रिव्हर्स घेऊच नका.

दुसऱ्या पायरीवर गाडी बंद पडली. हँडब्रेक आम्ही बसवलेलाच नाही (हो, माहितीये), म्हणून मित्र मागच्या चाकाला चिरा लावायचा आणि मी सेल्फ मारायचो. चालू, बंद, चालू, बंद, सात-आठ वेळा झालं असेल. मग पेडल जड व्हायला लागलं, मग दाबलेलं वर येईना, बुटाचं टोक खाली घालून उचलावं लागलं. गिअर करकर करायला लागले. मी जोरात पाय मारला, टक् आवाज झाला आणि पेडल खाली पडलं ते पडलंच.

रात्री मांगरात (शेतातल्या खोपटात) बल्बखाली जुनी वायर काढली. आतली तार आउटरमधून, म्हणजे बाहेरच्या आवरणातून, सरकेचना, दोघांनी दोन बाजूंनी ओढली तरी नाही. आउटरवर एका जागी काळं प्लास्टिक फुगलेलं, फोड आल्यासारखं. आम्ही काय निष्कर्ष काढला? सायलेन्सरची धग लागली. वा रे वा! सायलेन्सर तिथून दीड फूट लांब. कोल्हापूरला एका जाणत्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, "भावा, वळण मोठं ठेव, निम्मं काम तिथेच आहे." मग वायर नव्याने फिरवली. हे काम फुकट गेलं असं नाही, पण रोगच वेगळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पेअर वायर दोन तासांत गेली, त्याच चढणीवर, त्याच पायरीच्या वर. त्याआधी एकदा अ‍ॅक्सिलरेटरपण अडकला होता, तोही आम्ही धुळीच्या नावावर खपवला.

आणि आता ट्रॅक्टर. गाडी अशी अडकलेली की ना खाली सोडता येते ना वर ढकलता येते. मामांनी कुणाचा तरी नंबर दिला, फोनवर पाचशे ठरले. माणूस आला, गाडी बघितली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला अडीच हजार. ऐंशी मीटर ओढायचे! दोर आमचा, चिरे आम्ही लावले, त्याने फक्त गिअर टाकला. मी हुज्जत घातली तर तो ट्रॅक्टर वळवायला लागला, मग दिले. तुम्ही जाणार असाल तर फोनवर आकडा ठरवताना फोटो पाठवा आणि उत्तर लिहून घ्या, नाहीतर सरळ तीन टनी चेन पुलर आणि वीस मीटर दोर घरून न्या. मी आता तेच करणार आहे, एकदाचा खर्च. मामांना राग आला नाही पण आम्हाला आला, कारण मामा म्हणाले की त्याचा रेट तसाच आहे. मग आधी सांगायचं ना!

दुपारी कणकवलीला जाऊन मागे इंजिन असलेल्या तीनचाकीची लांब वायर आणली. पाकिटावर ओरिजनल, साडेआठशे, बिल नाही. टोक आमच्या पेडलला बसेना म्हणून छोटा यू-क्लॅम्प मारला. ही तार हाताच्या क्लचसाठीची, बारीक, पायाच्या जोरापुढे ती फार टिकणार नाही हे माहीत होतं, पण गाडी पिकअपपर्यंत नेण्यापुरती चालेल असं वाटलं. संध्याकाळी मामांनी एका ओळखीच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं, बोटींची इंजिनं करणारा माणूस, स्कूटरवरून आला. त्याने वायरीकडे बघितलंच नाही. म्हणाला, सेल्फ मार. मी मारला. परत मार. परत मारला. मग मला खाली बोलावलं आणि म्हणाला, "हात लाव हेका."

मी आउटरला तर्जनी लावली आणि ओरडलोच. इस्त्रीला हात लागावा तसं. इंजिन चालू झालेलंच नव्हतं, सायलेन्सर थंडगार, आणि वायर तापलेली, जळक्या प्लास्टिकचा वास. बोटाला फोड आला, अजून डाग आहे.

"तुटली नाय रे झिला, भाजली हा ती. अर्थिंग खंय हा हेचा?"

अर्थिंग नव्हतंच. आता नीट वाचा, कारण घरी गाडी बनवणाऱ्या निम्म्या लोकांची हीच चूक असणार. बॅटरी आम्ही वजनासाठी पुढे ठेवलेली, तिची निगेटिव्ह चेसिसला. इंजिन बसलंय रबरी माउंटिंगवर, म्हणजे चेसिसपासून वीज तोडलेली. कंपनीच्या गाडीत यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स चेसिसला जोडणारी जाड अर्थ पट्टी असते. आमचं इंजिन स्क्रॅपमधून आणलेलं, ती पट्टी स्क्रॅपवाल्याने तांब्यासाठी आधीच कापून ठेवली असणार. मग सेल्फ मारताना शंभरच्या वर अँपिअर जो करंट इंजिनात जातो तो परत कुठून येणार? जे लोखंड इंजिनाला आणि चेसिसला दोन्हीकडे टेकलंय त्यातून. ते म्हणजे क्लचची वायर आणि अ‍ॅक्सिलरेटरची वायर. क्लचची वायर म्हणजे आमच्या गाडीचा हीटर झाला होता. आतलं नायलॉनचं लायनर वितळून तारेला चिकटायचं, पेडल जड व्हायचं, मग आम्ही जोर लावायचो आणि तार निपलपाशी (टोकाच्या धातूच्या गाठीपाशी) तुटायची. चढणीवर गाडी जितक्या वेळा बंद पडेल तितके सेल्फ, जितके सेल्फ तितकी भाजणी. म्हणून दरवेळी तिथेच.

मग कोल्हापुरात दोन महिने काहीच कसं झालं नाही? हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. उत्तर सकाळी दात घासताना सापडलं. तिथे सायलेन्सर चेसिसला थेट नटबोल्टने आवळलेला होता, म्हणजे अर्थिंग सायलेन्सरमधून मिळत होतं. निघायच्या दोन दिवस आधी थरथर कमी व्हावी म्हणून मीच तो रबरी हँगरवर टांगला. मीच!

म्हाताऱ्याने पिकअपमधली जंपर केबल काढून एक टोक गिअरबॉक्सला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. सेल्फ नव्या गाडीसारखा फिरला. माझ्याकडे मल्टिमीटर होता (पेटीत पडून होता, दोन दिवस!), मग मोजलं. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ मारायचा. केबल काढून ३.१ व्होल्ट, लावून ०.१५. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की गाडी बाहेर काढू नका, मग कुणी काही सांगो. मीटर नसेल तर पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि वायरीला हाताची पालथी बाजू जवळ न्या, माझ्यासारखं बोट दाबू नका. बोटीवरून काढलेली विणलेली तांब्याची पट्टी त्याने दुसऱ्या दिवशी आणून बसवली, दीडशे रुपये घेतले. दीडशे. आणि त्या ट्रॅक्टरवाल्याने अडीच हजार.

पट्टी मिळाली नाही तर वेल्डिंगची जाड केबल चालते, दोन्ही टोकांना चांगले लग्ज (बोल्टखाली आवळायची धातूची टोकं) दाबून. दोन्ही जागचा पेंट पॉलिश पेपरने काढून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, आमच्या चेसिसवर पावडर कोटिंग आहे, त्यावर नुसता बोल्ट आवळून काही होत नाही. पट्टीला थोडी ढील ठेवा, इंजिन हलतं. आणि शेडमध्ये चेसिसला वेल्डिंग करताना वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प इंजिनाला लावू नका, तसं केलं तरी करंट याच वायरीतून जाऊ शकतो.

तुटलेली वायर फेकण्याआधी बघून घ्यायची सवय लावा. निपलपाशी तारा एकेक करून पिंजल्यासारख्या तुटल्या असतील तर निपल पेडलमध्ये फिरत नाहीये, तिथे ग्रीस द्या आणि ओढ सरळ आहे का बघा. आउटर एका जागी चेपला असेल तर क्लिप फार आवळलीय किंवा वळण लहान आहे. लायनर वितळलंय आणि सायलेन्सर लांब आहे, तर अर्थिंग, दुसरं काही शोधत बसू नका. लायनरवाल्या वायरीत ग्रीस कोंबू नका, आमच्या एका शहाण्याने कोंबलं होतं, त्यात जांभ्याची धूळ बसून पॉलिशची पेस्ट तयार झाली. नवी वायर घातल्यावर पेडलला वीसेक मिलिमीटर मोकळी चाल ठेवा आणि गाडी तापल्यावर परत तपासा. चाल शून्य ठेवून "क्लच कसा कडक लागतो" म्हणणारे लोक नंतर क्लचप्लेट बदलताना दिसतात. आउटर ज्या ब्रॅकेटला टेकतो तो पेडल दाबताना हलत असेल तर आधी तो जाड करा, नाहीतर वायर कितीही ताणा, अर्धी चाल ब्रॅकेटच खातो.

रस्त्यात वायर गेलीच तर गाडी बंद करून पहिला टाकायचा आणि सेल्फ मारायचा, गाडी धक्का देत निघते, मग गिअर न बदलता घर गाठायचं. पण अर्थिंग ठीक असेल तरच. आम्ही पहिल्या दिवशी याच पद्धतीने मांगरापर्यंत आलो आणि उरलीसुरली अ‍ॅक्सिलरेटरची वायर भाजून ठेवली.

तिसरा दिवस वायरीची वाट बघण्यात. कोल्हापूरहून दोन नव्या बनवून एसटीने तळेऱ्याला मागवल्या. मधल्या वेळात विजयदुर्ग बघितला, सुरमई खाल्ली, छान होतं.

चौथ्या दिवशी वायर घातली आणि ती चढण अकरा वेळा चढलो. मुद्दाम. पायरीवर मुद्दाम बंद पाडून सेल्फ मारला, वायर गार. फेब्रुवारीत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, कलमांना मोहोर असतो आणि तुमची तांबडी धूळ थेट त्यावर बसते, वरच्या वळणाला हळू घ्या किंवा शेजाऱ्याला आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं, दुपारी बोलणी खाल्ली, ती बरोबरच होती.

संध्याकाळी गडग्यापाशी तो ट्रॅक्टरवाला येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मी वर आलो तसा म्हणाला, "आज ट्रॅक्टर नको काय?"

मी बाराव्यांदा खाली उतरलो.