सोलापुरी हेल आणि लेव्हल 4

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी उड्डाणाचे तास भरत आले की घरच्यांना वाटतं, पोरगं झालंच पायलट. त्यानंतर कागदपत्रांच्या यादीत ईएलपी निघते, म्हणजे इंग्रजी येतं का याची परीक्षा. त्यात किमान लेव्हल 4 लागते. मी सोलापूरच्या मराठी शाळेत शिकलेला. नेव्हिगेशन, हवामानशास्त्राचे पेपर इंग्रजीतच सुटले होते, पण तिथं पर्यायावर खूण करायची असते. इथं तोंड उघडायचं होतं.

“स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव, जरा अमेरिकन अॅक्सेंट मारायला शीक,” असा सल्ला घरी येणारा प्रत्येक पाहुणा देऊन गेला. मी क्लास लावला नाही. आधी आयकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची मोजपट्टी नीट वाचून काढली. निम्मी भीती तिथंच गेली.

त्यात उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा गोष्टी तपासतात. प्रत्येकीला 1 ते 6 पैकी लेव्हल मिळते. पण सरासरी काढत नाहीत, सहांत जी सर्वांत कमी तीच तुमची. पाच ठिकाणी 5 आणि एका ठिकाणी 3 आले, तर निकाल 3. उच्चारांबद्दल मात्र लेव्हल 4 चा निकष समजूतदार आहे. बोलण्यावर मातृभाषेची छाप असली तरी चालते, तिच्यामुळे ऐकणाऱ्याला कधीमधीच अडचण यावी, एवढंच. म्हणजे सोलापुरी हेल माफ!

हे नियम आयकाओनं 2003 मध्ये आणले आणि 5 मार्च 2008 पासून लागू केले. तयारी न झालेल्या देशांना 2011 पर्यंत सवलत होती. नियमांमागे किती अपघात आहेत हे वाचताना चरखी दादरीवर थांबलो. 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीहून निघालेलं सौदी विमान 14,000 फुटांवर होतं, दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फुटांपर्यंतच परवानगी होती. ते त्याखाली आलं आणि टक्कर झाली. 349 माणसं गेली. कझाक विमानात जमिनीवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरशी इंग्रजीत बोलायचं काम वैमानिकाकडे नव्हतं, रेडिओ ऑपरेटरकडे होतं. हे वाचल्यावर ईएलपीला कटकट म्हणायचं मी सोडलं.

रेडिओवरची ठरीव वाक्यं आम्हाला पाठच असतात. तीनला ‘ट्री’, पाचाला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’, शिवाय प्रत्येक सूचनेचा रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं परत बोलून दाखवणं. पण रोजचं काम चाकोरीबाहेर गेलं की पाठांतर संपतं. प्रवाशाला फिट आली, टायर फुटला, धावपट्टीवर कुत्री शिरली, तर साध्या इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. त्यासाठी माझी गुरू धाकटी बहीण. ती कंट्रोलर व्हायची आणि मुद्दाम अर्धवट किंवा उलटसुलट सूचना द्यायची. मी विचारून खात्री करून घ्यायची, अंदाजानं ‘रॉजर’, म्हणजे ‘संदेश मिळाला’, म्हटलं की ती ओरडायची. खरं तर ही सवय सोलापूरकराला वेगळी लावावी लागत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्याची कन्नड, बाजारात निम्मंच कळलं तरी “म्हणजे कितीला?” असं पुन्हा विचारून आपण सौदा पुरा करतोच की. संवादाच्या निकषात नेमकं हेच बघतात.

परीक्षेला सोलापूरबाहेर जावं लागलं. आधी खरखरीत ध्वनिफिती ऐकून उत्तरं, त्यातला एक कंट्रोलर इतक्या घाईत बोलत होता की रेडिओवर मिनिटाला 100 शब्दांच्या पुढं जाऊ नये हा आयकाओचा सल्ला त्याला कुणीतरी सांगायला हवा होता. मग दोन परीक्षकांसमोर बोलणं. धुरानं भरलेल्या इंजिनाचं चित्र समोर ठेवलं, वर्णन करायला सांगितलं, आणि पुढं “आता तू काय करशील?” एक प्रश्न कळला नाही, तेव्हा सरळ पुन्हा सांगायची विनंती केली. दोघांपैकी कुणाच्याही कपाळावर आठी आली नाही.

निकाल लेव्हल 4. संवाद आणि आकलन 5, शब्दसंपत्ती 4, म्हणून एकूण 4. लेव्हल 5 ला सहा वर्षांची मुदत असते, 6 ला पुन्हा परीक्षाच नाही. मला तीन वर्षांनी परत बसायचंय. आजारपण आणि यंत्रातले बिघाड, या दोन विषयांत शब्द कमी पडतात. सध्या त्यांचीच वही भरतोय.