नाट्यपदांना जॅझ कशाला, हे विचारलंत म्हणून

मी नाट्यपदं जॅझच्या साथीने गाते. कार्यक्रमानंतर भेटायला येणारे आधी आवाजाबद्दल बोलतात, मग सॅक्सोफोनबद्दल, आणि मग जरा थांबून विचारतात, "पण नाट्यपदांना जॅझ कशाला? मूळ चालीत काय कमी होतं?"

काहीही कमी नव्हतं. मी त्या चालींवरच वाढले आणि आजही रोज सकाळी तंबोऱ्यावर त्याच गाते. कमी असलेलं भरून काढायला मी हे करत नाही. एवढं एकदा मान्य केलंत तर पुढचं बोलणं सोपं होईल.

नाटकातलं गाणं नाटकाबाहेर नेऊन वाढवायचं, ही जॅझची जुनीच रीत आहे. अमेरिकन संगीतकार जेरोम कर्नचं 'ऑल द थिंग्ज यू आर' 1939च्या एका संगीतिकेतलं. ती संगीतिका 59 प्रयोगांत बंद पडली. गाणं मात्र जगभरचे वादक अजून वाजवतात आणि त्यातल्या बहुतेकांना संगीतिकेचं नावही माहीत नसतं. 'द साउंड ऑफ म्युझिक' 1959 साली ब्रॉडवेवर आलं आणि पुढच्याच वर्षी जॅझवादक जॉन कोल्ट्रेनने त्यातलं 'माय फेव्हरिट थिंग्ज' सोप्रानो सॅक्सोफोनवर जवळजवळ चौदा मिनिटं वाजवलं. चित्रपट यायला तेव्हा अजून पाच वर्षं होती. हे ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडे हे आधीच घडून गेलंय. दोन ओळींचं पद घ्यायचं, नाटक तिथेच थांबवायचं, फिरत करायची, वन्समोअर आला की पुन्हा नव्या जागा काढायच्या. बालगंधर्वांचे रसिक रात्र रात्र बसायचे ते गोष्ट पुढे सरकावी म्हणून थोडेच?

पदांत परकं संगीत मिसळते, हा भेसळीचा आरोप मला खरंच कळत नाही. 'स्वयंवर' हे संगीत नाटक 1916चं. भास्करबुवा बखल्यांनी त्यातल्या चाली दिल्या त्या उत्तरेकडच्या उस्तादांकडून मिळालेल्या चीजांच्या जोरावर. बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीत पुढे तबल्याला मुरादाबादचे अहमदजान थिरकवाँ होते. शेजारी ऑर्गन, तोही परदेशी. त्याआधी किर्लोस्करांनी 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी चाली, जे जे कानावर होतं ते त्यांनी घेतलं. शुद्ध म्हणून जे आज माझ्यासमोर धरलं जातं, ते धरणाऱ्यांनी एकदा उलगडून बघावं.

हा युक्तिवाद मी खूपदा केलाय आणि तो खरा आहे. पण तो पुरत नाही, हेही मला माहीत आहे. थिरकवाँसाहेबांचा ठेका आणि मराठी पद एकाच व्याकरणातले होते. पियानोची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, त्या व्याकरणातली नाही.

आमच्या चमूत सॅक्सोफोनवाला गोव्याचा, ड्रमर शिलाँगचा, पियानोवाला चेन्नईचा आणि बेस वाजवणारी फ्रान्सहून येऊन मुंबईत राहिलेली. 'स्वयंवर'मधलं रुक्मिणीचं 'नाथ हा माझा' बसवायला घेतलं तेव्हा पहिली अडचण पट्टीची आली. माझी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. सॅक्सोफोनला ती सोयीची, पण डबल बेसला त्या पट्टीचा षड्ज मोकळ्या तारेवर मिळत नाही. हे बोटांच्या मेहनतीने सुटलं. दुसरी अडचण सुटण्यातली नव्हती. पद यमन रागातलं. मी गांधारावर थांबले होते आणि बेसने खालचा स्वर षड्जावरून धैवतावर नेला. मी जागची हलले नव्हते, तरी माझा गांधार एकदम पंचमासारखा वाजायला लागला. ज्या स्वरावर रुक्मिणीचा सगळा भरवसा उभा आहे, तो पायाखालचं जोतं बदलल्यामुळे दुसराच कुणी झाला. मी गाणं थांबवलं. पियानोवाला म्हणाला, "याचसाठी तर कॉर्ड बदलतात." त्याच्या जागी तो बरोबर होता. मग आम्ही ठरवलं की मुखड्याला बेस हलणार नाही, अंतऱ्याच्या शेवटी हलेल आणि सॅक्सोफोनच्या वेळी मोकळी सुटेल. मला स्वतःला ते अंतऱ्याच्या शेवटचं हलणं आता इतकं आवडतं की नुसत्या तंबोऱ्यावर गाताना तिथे काहीतरी व्हायचं राहिलं असं वाटतं. ज्यांना हे ऐकून वाईट वाटेल त्यांचं वाईट वाटणं मला समजतं.

काही वर्षांपूर्वी मीच एका व्याख्यानात ठासून म्हणाले होते की जॅझच करायचं असेल तर नवी गाणी लिहा, पदांना हात लावू नका. त्या बाईशी मी अजून भांडते. ती म्हणते, पदाचा अर्थ प्रसंगात असतो. मी म्हणते, मग मैफलीत, गणेशोत्सवात, शाळेच्या स्पर्धेत प्रसंगाशिवाय गायलेली पदं तुला कशी चालली? ती म्हणते, तिथे ऐकणाऱ्यांना प्रसंग ठाऊक असायचा. याला मला पटकन उत्तर सुचत नाही.

आणि इथेच बाईंचं सांगायला हवं, म्हणजे माझ्या गुरूंचं. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण त्यांचं नाव मध्ये घालतात. "बाईंना काय वाटलं?" मी आजवर ते टाळत आले.

रेकॉर्डिंग घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी लहान स्पीकर लावायला घेतला तेव्हा त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. बाई चांगलं काही ऐकायच्या असल्या की पंखा बंद करतात. सुरुवातीला त्यांचा उजवा हात मांडीवर मात्रा मोजत होता. ड्रमर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला झांज मिटतो, तिथे हात क्षणभर चुकल्यासारखा झाला आणि मग त्यांनी तेही वजन धरलं. अंतऱ्याच्या शेवटी बेस हलला. बाईंनी मान माझ्याकडे वळवली, पण बोलल्या नाहीत. सॅक्सोफोन सुरू झाला, समेवरून सरळ पुढे निघून गेला, दोन आवर्तनांनी भलत्याच ठिकाणाहून परतला. बाईंचा हात थांबला होता. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लाव."

तेव्हा मला वाटलं, जिंकलं.

दुसऱ्यांदा त्यांनी मात्रा मोजल्या नाहीत. डोळे उघडे ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "गोव्याच्या मुलाचा श्वास चांगला आहे. तू नीट गायलीस. पण रुक्मिणी कुठे गेली गं?"

मी बोलायला सुरुवात केली. कोल्ट्रेन सांगितला, थिरकवाँ सांगितले, वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी चालीचं विचारत नाहीये. बेस हलला ते मला कळलं, बरंही वाटलं. पण ही मुलगी ज्याला नाथ म्हणतेय त्याला तिने निवडलंय, आणि घरातला भाऊच आड येतोय. हे तुझ्या त्या चौघांना माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. त्यांना राग सांगितला होता, ताल सांगितला होता, शब्दांचा अर्थ सांगितला होता. भाऊ रुक्मी, त्याने तिच्यासाठी ठरवलेला शिशुपाल, यांतलं काही सांगितलं नव्हतं. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की गोष्ट सांगितली की ते गोष्ट वाजवतील, गाणं वाजवणार नाहीत. मला अजूनही तसं वाटतं. बाईंना मी हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल," आणि पंखा लावायला सांगितला.

त्या दिवशी मी फार दुखावले. त्यांनी नावं ठेवली असती तर मला लढता आलं असतं.

पुढच्या तालमीला मी चौघांना प्रसंग सांगितला. सॅक्सोफोनवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला तियात्राबद्दल विचारलं. तियात्र म्हणजे गोव्याचं कोंकणी गाण्यांचं नाटक, 1892 साली मुंबईतच सुरू झालेलं. त्यात दोन अंकांच्या मध्ये नट पडद्यापुढे येऊन कांतारां, म्हणजे गाणी, म्हणतात आणि त्यांचा नाटकाच्या गोष्टीशी संबंध असावाच लागत नाही. "आमच्यात गाणं गोष्टीबाहेरच उभं राहतं," तो म्हणाला, "आणि लोक त्यासाठीही येतात. तुमच्या रुक्मिणीने थोडा वेळ पडद्यापुढे यायला काय हरकत आहे?" ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या साथीची कांतारां ऐकत तो वाढलाय. त्याच्या दृष्टीने मी प्रश्नच उलटा धरला होता.

मला त्याचं पटलं. बाईंचंही पटलेलं आहे. दोन्ही एकदम कसं पटतं, असं विचारू नका. पडद्यापुढे आलेली रुक्मिणी ही रुक्मिणीच राहते की फक्त चांगला गळा राहतो, हे मला गाताना एका कार्यक्रमात एक वाटतं, दुसऱ्यात दुसरं. प्रसंग कळल्यापासून चौघांचं वाजवणं बदललं का? ड्रमरचं बदललं, हे मी शपथेवर सांगेन. मुखड्याला तो आता काठ्या ठेवून ब्रश घेतो आणि कारण विचारलं तर म्हणतो, तिचा भाऊ बाहेर ऐकत असेल. बाकीच्यांचं बदललं की मीच तसं ऐकतेय, सांगता येत नाही.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून: मी हे करते कारण बेस हलल्यावर त्या गांधाराचं जे होतं ते मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही, आणि ते ऐकल्यावर न ऐकल्यासारखं राहता येत नाही. मूळ चाल जुनी झाली म्हणून नाही, तरुणांना आवडावं म्हणून तर मुळीच नाही.

पुढच्या कार्यक्रमात पदाआधी प्रेक्षकांनाही प्रसंग सांगायचा की नाही, यावरून आमच्यात दोन तट पडलेत. ड्रमर आणि मी सांगावा म्हणतो. सॅक्सोफोन आणि पियानो नको म्हणतात. बेसवाली म्हणते, एकदा सांगून वाजवू, एकदा न सांगता.