पहिलं बाळंतपण, अंगावरचं दूध आणि खानदेशातला मे महिना

सातव्या महिन्यात अंगणवाडीत आशाताईंनी माझ्या हातात कापडाची बाहुली दिली. "धर, पाज." मी तिला मांडीवर उताणी निजवली आणि नुसतं तोंड माझ्याकडे वळवलं. "अशी मान वळवून तुला पाणी पिता येईल का?" त्यांनी विचारलं. अंगावर पाजणंही शिकावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. बाळाचा कान, खांदा, कंबर एका रेषेत. पोट आईच्या पोटाला टेकलेलं. तोंडात नुसतं निपल नाही, भोवतीचा काळा भागही. त्यांनी हे माझ्याकडून चार वेळा करून घेतलं.

मी माहेरी अमळनेरला, हे नोकरीला जळगावला. दर रविवारी पॅसेंजरने यायचे. पोटातल्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज ऐकू येतात, हे कळल्यावर ते पोटाशी बोलायला बसले, पण त्यांना शब्द सुचेनात. मग वाटेतली स्टेशनंच सांगितली. "पाळधी, धरणगाव, टाकरखेडे, अमळनेर. आलो बघ." पुढे दर रविवारी तेच. 'अमळनेर' म्हटलं की बरगडीखाली लाथ बसायची. योगायोग म्हणा, मला तसं कधी वाटलं नाही.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, चार दिवसांनी मुलगी झाली. तासाभरात तिला उघडीच माझ्या छातीवर ठेवली. चीक आला तो चमचाभरही नसेल, घट्ट, पिवळा. आजी म्हणाली, तो पिळून टाक, बाळाला मध चाटव. वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "आजी, वासराला चीक पाजला नाही असं आपल्या गोठ्यात कधी झालंय का?" आजीने मधाची बाटली पिशवीत ठेवली.

तिसरी रात्र मात्र फार जड गेली. दूध उतरलं नव्हतं, पोर दर अर्ध्या तासाला रडायची. एक नर्स पावडरच्या दुधाची बाटली घेऊन आली. "तुला दूधच नाही." ते ऐकून मला रडू कोसळलं. पण दूध उतरायला दोन-चार दिवस लागतात आणि बाळ जितकं ओढेल तितकं बनतं, हे ऐकलेलं होतं. डॉक्टरांकडून वजन करून घेतलं. सुरुवातीला सगळ्याच बाळांचं थोडं उतरतं, तेवढंच उतरलं होतं. बाटली परत पाठवली. ह्यांनी मुलीला उघड्या छातीवर घेतलं आणि हळू आवाजात स्टेशनं सुरू केली. ती शांत झाली. पहाटे माझी छाती दगडासारखी झाली होती. हाताने थोडं दूध काढून काळा भाग मऊ केला, तेव्हा तिला नीट धरता आलं. ती घोट गिळल्याचा बारीक आवाज मी आजही विसरलेले नाही.

घरी आलो तर पारा ४४ वर. "पोरले तहान लागनी व माय," आजीचं दिवसभर चालायचं. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, सहा महिने वरचं पाणी लागत नाही, कितीही ऊन असो. पाणी मीच प्यायचं, म्हणून तांब्या उशाशी. आजीची खात्री पटावी म्हणून दर ओल्या लंगोटाला भिंतीवर खडूची रेघ मारायला लागले. दिवसाला सहा झाल्या की दूध पुरतंय.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी पाजत असताना आजीने दोरीवर लंगोट टाकला, खडू उचलला आणि आठवी रेघ स्वतःच ओढली.