भोकाचा रुपया

आमचं टंच काढायचं, म्हणजे सोन्या-चांदीची शुद्धता तपासायचं, दुकान बेळगावच्या शहापुरात आहे, वडिलांच्या वेळी कसोटीचा दगड आणि ॲसिडची बाटली एवढंच होतं, आता एक्सआरएफ मशीन आहे, दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर सोनं किती, चांदी किती, तांबं किती सगळं येतं. दिवसभर हेच काम. ९१.६ टक्के सोनं आलं की गिऱ्हाईक खूश, ८४ आलं की तोंड पडतं, आणि कधी कधी रडणारी माणसंसुद्धा बघितलीत मी, लग्नात माहेरानं घातलेलं सोनं पोकळ निघालं म्हणून. पण मी सांगायलोय तो दिवस सोन्याचा नाहीच, तांब्याचा आहे.

आषाढ होता. खानापूरकडचा पाऊस म्हणजे काय ते तिकडच्यांनाच माहीत, दोन दिवस धार थांबली नव्हती, सकाळपासून दोनदा लाईट गेलेली आणि लाईट गेली की मशीन परत चालू करून गरम होऊ द्यायला लागतं, कॅलिब्रेशनचा तुकडा ठेवून बघायला लागतं, नाहीतर रीडिंगवर भरवसा नाही. त्या गडबडीत एक आज्जी आणि तिचा नातू आत आले, दोघंही निथळत. नंदगडच्या पुढच्या कुठल्यातरी गावचे. नातवाला कॉलेजात ॲडमिशन मिळालेली, फी भरायची होती, म्हणून आज्जीच्या बुगड्या आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या मोडायच्या होत्या, पण सराफाकडे जायच्या आधी टंच काढून घ्यायचं एवढं शहाणपण त्या पोराला होतं, ते मला फार आवडलं.

आज्जीनं कनवटीचं फडकं सोडलं. बुगड्या, वाट्या, आणि त्यांच्याबरोबर काळ्या दोऱ्यात ओवलेली एक काळपट चकती.

"हे पण बघ की जरा, तांब्याचं हाय का पितळेचं? बाजारातला एक माणूस पन्नास रुपये देतो म्हणालाय. भोक पडलंय म्हणून जास्त येत न्हाई म्हणे."

मी हातात घेतली. पहिल्यांदा वाटलं जुना भोकाचा पैसा असेल, १९४३ नंतरचा, तसे घरोघरी असतात, लहान पोरांच्या करगोट्यात बांधलेले. पण ही चकती त्यापेक्षा चांगलीच मोठी. बोटानं पुसली, लाईटखाली तिरकी धरली, आणि काठाला इंग्रजी अक्षरं दिसली. अर्धी झिजलेली. अंदमान. मग टोकन. मग खाली वन रुपी.

माझ्या हाताला खरंच घाम फुटला, का ते सांगतो.

मी गेली बारा-तेरा वर्षं बेटांची टोकनं जमवतो. नाणी नव्हेत, टोकनं, म्हणजे सरकारनं चलन म्हणून सगळीकडे चालवलेली नाहीत तर कुणा मालकानं, कंपनीनं, वसाहतीनं आपल्या हद्दीपुरती चालवलेली. सुरुवात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात झाली, जुन्या कुलपांच्या आणि किल्ल्यांच्या ढिगात एक ब्राँझचा तुकडा मिळाला, एका बाजूला माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला जाड चोचीच्या पक्ष्याचं डोकं. दीडशे रुपयांना घेतला. घरी येऊन शोधलं तर तो लंडी बेटाचा हाफ पफिन निघाला! इंग्लंडच्या पश्चिमेला ब्रिस्टल खाडीत एवढंसं बेट आहे, मार्टिन कोल्स हार्मन नावाच्या माणसानं ते १९२० च्या दशकात विकत घेतलं आणि १९२९ ला बर्मिंगहॅमच्या टांकसाळीतून स्वतःच्या चेहऱ्याची टोकनं पाडून घेतली, पफिन म्हणजे एक पेनी आणि हाफ पफिन म्हणजे अर्धी, प्रत्येकी पन्नास हजार. सरकारनं त्याला १८७० च्या नाणे कायद्याखाली कोर्टात खेचलं, १९३० ला पाच पौंड दंड झाला, तो अपिलात गेला आणि तिथंही हरला. एका बेटाच्या मालकाला वाटलं की माझ्या बेटावर माझा पैसा, आणि कोर्टानं सांगितलं की नाही. हे वाचून मी जो अडकलो तो अडकलोच.

मग कोकोस बेटांचं वाचलं. हिंदी महासागरात, तिथं क्लुनीज-रॉस घराण्याचं राज्यच होतं म्हणायचं, नारळाच्या बागा त्यांच्या, मजूर त्यांचे आणि पैसाही त्यांचाच. १९१३ ची त्यांची टोकनं हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची आहेत आणि त्यावर सेंट आणि रुपया लिहिलेलं आहे, हो, रुपया, आपलाच शब्द. मजुरी त्यातच मिळायची आणि ती खर्च करायची मालकाच्याच दुकानात. १९७८ ला ऑस्ट्रेलियानं ती बेटं साडेबासष्ट लाख डॉलरला विकत घेतली तेव्हा ते सगळं संपत आलं. आमच्याकडे ऊस तोडायला, खडी फोडायला गेलेल्या माणसांचा पगार कसा उचल आणि दुकानाच्या उधारीत जिरतो ते मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे कोकोसचं टोकन मला परकं वाटत नाही. असला पैसा म्हणजे एक प्रकारचं कुंपण आहे असं माझं मत आहे. खिशात असतो, पण बेटाबाहेर त्याला कोण विचारत नाही.

आणि या सगळ्यात वरचं म्हणजे अंदमान. १० मार्च १८५८ ला डॉक्टर वॉकरच्या ताब्यात दोनशे कैद्यांची पहिली तुकडी तिथं उतरली, सत्तावनचं बंड अजून पुरतं विझलेलंही नव्हतं, आमच्या इकडे त्या बंडात उतरलेल्या नरगुंदच्या संस्थानिकाला, बाबासाहेबांना, त्याच वर्षी जूनमध्ये बेळगावात फाशी दिली. त्या वसाहतीसाठी कलकत्त्याच्या टांकसाळीनं तांब्याची एक रुपयाची टोकनं पाडली, १८६१ आणि १८६६ अशा दोन सालांची, पुढे राणी, मागे अंदमान टोकन वन रुपी, आणि मधोमध भोक, टांकसाळीतच पाडलेलं. टंचवाल्याच्या नजरेनं बघा, तेव्हाचा खरा रुपया म्हणजे ९१.७ टक्के चांदी, जवळपास पावणेबारा ग्रॅम. आणि हा रुपया म्हणजे नुसतं तांबं. पोर्ट ब्लेअरच्या किनाऱ्यापर्यंत तो रुपया, बोटीत पाय ठेवला की भंगार.

माझ्याकडे एक होता. म्हणजे होता असं मी समजत होतो. पाच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात चौदा हजार देऊन घेतलेला, लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटसकट. विकणाऱ्यानं तेव्हा सांगितलं होतं की सेल्युलर जेलमधला आहे, सावरकरांच्या वेळचा. खरं तर तिथंच माझे कान उभे राहायला हवे होते, कारण सेल्युलर जेल बांधायला घेतलं १८९६ ला, पुरं झालं १९०६ ला, तात्याराव तिथं पोचले १९११ ला. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण हवं होतं म्हणून घेतलं, आणि रोज शंभर लोकांचं सोनं तपासणाऱ्या मी तो रुपया पाच वर्षांत एकदाही मशीनमध्ये ठेवला नाही.

आज्जीच्या बुगड्या आधी केल्या, चांगल्या निघाल्या, ९० च्या वर. वाट्या थोड्या कमी, जोडकामाचा डाग जास्त होता. मग चकती ठेवली. तांबं ९९ च्या वर, बाकी किरकोळ. पण मशीन वरचा थर वाचतं, आतलं त्याला दिसत नाही, म्हणून पाण्यातलं वजन करायचं ठरवलं. आधी काट्यावर कोरडं, मग भोकातून बारीक तार ओवून पाण्यात लोंबती सोडून, बुडबुडा चिकटू द्यायचा नाही, तेवढं सांभाळलं की झालं. घनता ८.८ च्या वर आली. शुद्ध तांब्याची ८.९६. जुन्या, झिजलेल्या, मळ बसलेल्या तुकड्याला एवढा फरक धरायचाच. आतपर्यंत तांबं होतं.

नातवाला म्हटलं दोन मिनिटं बस, आणि वरच्या मजल्यावर घरात जाऊन माझा रुपया घेऊन आलो.

माझ्याला मशीननं तांबं ९१ आणि जस्त ८ दाखवलं. जस्त बघून पोटात गोळा आला. पाण्यातलं वजन केलं, घनता ८.४ च्या आसपास. परत केलं. तेच. मग बारीक कानस घेतली आणि काठाला, अक्षरं सोडून, एकदाच ओढली. लालसर कातडीखाली पिवळं चमकलं. पितळ, वर तांब्याचा मुलामा.

मग दोन्ही भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले आणि जे पाच वर्षं दिसलं नव्हतं ते सगळं दिसायला लागलं. माझ्या अक्षरांच्या कडा गोलसर, साच्यात ओतल्यासारख्या, मैदानात, म्हणजे अक्षरांभोवतीच्या मोकळ्या जागेत, बारीक बारीक खड्डे. आज्जीच्या चकतीवरच्या अक्षरांना झिजूनही धार होती, ठशाखाली दाबलेल्या धातूला असते तशी. पण मला पटलं ते भोकामुळे. माझ्या रुपयाचं भोक चारी बाजूनं सारखं. आज्जीच्या रुपयाचं भोक वरच्या अंगाला गुळगुळीत होऊन किंचित लांबलेलं, जिथं दोरा बसतो तिथंच. सुतानं तांबं झिजवायला किती पोरांचे करगोटे लागले असतील? बाजारातला माणूस ज्या भोकापायी पन्नास रुपये म्हणाला तेच भोक साक्ष देत होतं.

आज्जीला विचारलं हे घरात कुठून आलं. ती म्हणाली, सासऱ्याच्या आज्ज्यानं आणलं, तो काळ्या पाण्याला गेलता.

"कैदी न्हवता हं तो," लगेच म्हणाली, "कुठल्या सायबाबरोबर गेलता, चाकरीला. असं आमची सासू सांगायची."

कैदी असता तरी काय बिघडत नव्हतं असं मी म्हणालो, तर तिनं मान हलवली, तिला ते पटलं नाही. कागद काहीच नाही घरात, मी विचारलं. चाकरीला गेला का बेडीत गेला हे आता त्या तांब्यातून काढायला कुठलं मशीन नाही, आणि तिच्या सासूनं जे सांगितलं ते तिच्याजवळ तसंच राहू दे असं मला वाटलं.

"काय लिवलंय त्यावर?" तिनं विचारलं. साठ वर्षं ती चकती घरातल्या तीन पिढ्यांच्या कमरेला बांधलेली आणि ती देवीची आहे एवढंच तिला माहीत. मी बोट फिरवत वाचून दाखवलं. अंदमान. टोकन. एक रुपया.

"रुपया? ह्यो रुपया हाय?"

"तिथं होता आज्जी. इकडं नाही."

"मग हे देऊन बोटीत बसून घरला यायला येत न्हवतं?"

"नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता. नातवानं मोबाईलवर शोधायला सुरुवात केली होती आणि त्याचे डोळे मोठे व्हायला लागले होते.

त्यानं विचारलं, "अण्णा, तुम्ही घेणार काय हे?"

इथं खोटं बोलत नाही, मला तो हवा होता. त्या क्षणी जेवढा हवासा वाटला तेवढी आयुष्यात दुसरी कुठलीच वस्तू वाटली नाही. पण वडिलांचा नियम आहे, ज्याचं टंच आपण काढलं तो माल आपण घ्यायचा नाही, एकदा घेतला की उद्यापासून आपल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार. म्हणून नाही म्हटलं. त्या पोराला बसवून सांगितलं, हे घासायचं नाही, चिंच-मीठ लावायचं नाही, दोरासुद्धा कापू नको. मी धातू सांगतो, नाणं खरं आहे असा शिक्का मी मारू शकत नाही, त्यासाठी नाण्यांच्या जाणकाराला आणि लिलाव करणाऱ्या दोन ठिकाणी दाखव, एकाच्याच बोलण्यावर जाऊ नको. शंभर वर्षांच्या वरची वस्तू आहे, १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर पाठवता येत नाही, बाहेरचं गिऱ्हाईक आहे म्हणून कोण आमिष दाखवलं तर फसू नको. आणि फीच्या घाईत तर अजिबात विकू नको.

फीचं त्या दिवशी बुगड्यांवरच भागवायचं ठरलं. आज्जीनं वाट्या परत फडक्यात बांधल्या. चकती मात्र फडक्यात ठेवली नाही, नातवाला जवळ ओढून दोरा त्याच्या गळ्यात घातला, शर्टाच्या आत. पोरगं लाजलं, पण काढलं नाही. साडेचारची बस गाठायची म्हणून दोघं पावसातच बाहेर पडले.

आमच्याकडे रजिस्टर असतं, टंचासाठी आलेला प्रत्येक नग त्यात लिहायचा. त्या दिवशीच्या पानावर आज्जीच्या नावानं तीन नोंदी आहेत, बुगड्या, वाट्या आणि "गोल चकती, भोक असलेली, तांबं". त्याच्या खाली माझ्या अक्षरात माझंच नाव, नग एक, धातू पितळ, वर मुलामा.